निरोगी झाड फुलत का नाही?

बागेतील झाड रोगट दिसू लागले, म्हणजे त्याचे काय बिघडले आहे हे शोधण्यास निदान दिशा तरी मिळते. पाने पिवळी पडतात, खोडाला कीड लागते, मुळे कुजतात. काही ना काही चिन्ह हाती येते. परंतु झाड सतेज आहे, पालवी दाट आहे, कीड नाही, रोग नाही, आणि तरीही वर्षामागून वर्ष लोटले तरी त्यावर एकही कळी धरत नाही, अशा वेळी काय समजावे? बागेची हौस असणाऱ्यांना हा प्रश्न नवा नाही, आणि त्यावरचा त्यांचा उपायही ठरलेला असतो. झाड फुलत नाही, त्या अर्थी त्याला काहीतरी कमी पडत असले पाहिजे, असे मानून त्याला आणखी खत आणि आणखी पाणी घातले जाते. झाड अधिकच हिरवे होते. फूल मात्र येत नाही. शेवटी कंटाळून कोणीतरी ते उपटून टाकतो.

हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. शेवंती, मोगरा, निशिगंध, गुलाब ह्या झाडांवर आपल्या देशातील असंख्य लहान शेतकऱ्यांचा संसार चालतो. दसरा-दिवाळीचा बाजार धरून लावलेली शेवंती सण उलटून गेल्यावर फुलली, तर झाडे कितीही निरोगी असोत, शेतकऱ्याचे वर्ष वाया गेल्यासारखेच होते. तेव्हा झाड केव्हा फुलते व का फुलते, आणि सर्व काही ठीक दिसत असूनही ते का फुलत नाही, हे समजून घेणे उपयोगाचे आहे. गेल्या शंभर वर्षांतील संशोधनाने ह्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर दिले आहे. ते थोडक्यात असे, की न फुलणारे निरोगी झाड बहुधा उपाशी नसते. फुलण्यासाठी त्याला ज्या खुणा मिळावयास हव्यात, त्यांपैकी एखादी खूण त्याला मिळालेली नसते.

फूल म्हणजे वळलेला शेंडा

प्रत्येक फांदीच्या टोकाशी, कोवळ्या पानांच्या आत झाकलेला, पेशींचा एक सूक्ष्म पुंजका असतो. ह्या पेशी सतत विभागत असतात आणि त्यांतूनच नवी पाने व नवे खोड तयार होते. फुलासाठी झाडात वेगळा अवयव राखून ठेवलेला नसतो. जो पुंजका कालपर्यंत पाने घडवीत होता, तोच एके दिवशी आपले काम बदलतो आणि पानांऐवजी फुलाचे भाग घडवू लागतो. हा बदल डोळ्यांना दिसण्यापूर्वी कित्येक दिवस, काही झाडांत कित्येक महिने, घडून गेलेला असतो. आपल्याला कळी दिसते तेव्हा निर्णय जुना झालेला असतो.

ह्यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली ही, की शेंडा एकदा फुलाकडे वळला, की त्या शेंड्याची वाढ तेथेच संपते. दुसरी ही, की वळलेला शेंडा कोणी छाटला तर त्या शेंड्याचे फूलही गेले, मग छाटणाऱ्याला तेथे कळी दिसलेली असो वा नसो.

बहुवर्षायू वनस्पतींची सावधगिरी

मोहरी किंवा झेंडू ह्यांसारखी एका हंगामाची झाडे आपले सर्वस्व फुलांत व बियांत ओततात आणि मरतात. बहुवर्षायू झाडाला पुढच्या वर्षीही जगावयाचे असते. त्याने आपले सर्व शेंडे फुलांकडे वळवले, तर पुढील वर्षी वाढण्यास शेंडा उरणार नाही. म्हणून अशा झाडांत फुलण्याच्या यंत्रणेइतकीच न फुलण्याची यंत्रणाही महत्त्वाची असते.

युरोपातील उंच पर्वतांवर ॲरबिस अल्पिना नावाची मोहरीच्या कुळातील एक लहानशी बहुवर्षायू वनस्पती आढळते. जर्मनीतील कोलोन येथील माक्स प्लांक संस्थेतील शास्त्रज्ञांनी २००९ साली तिच्यातील एका जनुकाचे कार्य प्रसिद्ध केले. हे जनुक शेंड्याला फुलू देत नाही. हिवाळ्यातील दीर्घ थंडीने ते निष्क्रिय होते आणि तयार असलेले शेंडे फुलाकडे वळतात. पण थंडी सरताच ते पुन्हा जागे होते आणि उरलेल्या शेंड्यांना पाने काढावयास लावते. अशा रीतीने त्या झाडावर फुले येतात आणि झाड जिवंतही राहते.

आपल्याकडील आंब्याचे उदाहरण ह्याहून परिचयाचे आहे. हापूससारख्या जातीचे झाड एका वर्षी फळांनी लगडते आणि दुसऱ्या वर्षी जवळजवळ मोकळे राहते. फळांचा भार वाहिलेल्या फांद्यांना नवी पालवी काढून ती वेळेत पक्व करण्यास सवड मिळत नाही, आणि फळांकडून निघणारी संप्रेरकेही नव्या मोहोराला अटकाव करतात. मोहोर नसलेल्या वर्षी ते झाड आजारी नसते, गेल्या वर्षीच्या श्रमातून ते सावरत असते.

पहिली अट : वय

बीपासून वाढलेल्या बहुतेक बहुवर्षायू झाडांना एक बाल्यावस्था असते. त्या अवस्थेत कोणत्याही बाह्य उपायाने त्यांना सहसा फूल येत नाही. कोय लावून वाढवलेला आंबा मोहोरण्यास कित्येक वर्षे घेतो. कलमी आंबा मात्र तीन-चार वर्षांतच मोहोर दाखवतो. ह्याचे कारण कलमाची काडी प्रौढ झाडावरून घेतलेली असते. नव्या खुंटावर बसवली तरी ती आपले प्रौढपण विसरत नाही. म्हणून शेजाऱ्याचे झाड दुसऱ्याच वर्षी फुलले आणि आपले फुलले नाही, अशी तुलना करताना एक झाड कलमाचे आणि दुसरे बियाचे तर नाही ना, हे आधी पाहावे.

ह्या बाबतीत सह्याद्रीतील कारवीहून बोलके उदाहरण सापडणे कठीण. कारवीची झुडपे वर्षानुवर्षे डोंगरउतार हिरवे ठेवतात, आणि सुमारे सात-आठ वर्षांनी एकदा एकदम फुलून, बी धरून मरतात. निलगिरी व मुन्नारकडील नीलकुरिंजी बारा वर्षांनी फुलते. २००६ साली फुललेली कुरिंजी पुन्हा २०१८ साली फुलली. मिझोराममधील मौताक नावाचा बांबू तर सुमारे अठ्ठेचाळीस वर्षे थांबतो. १९५८-५९ नंतर त्याचा मोठा बहर २००६-०७ मध्ये आला. तोवर त्या बेटांत काही न्यून होते, असे कोणीही म्हणणार नाही.

तंबाखूच्या झाडाचे कोडे

वय झाले, प्रकृती चांगली आहे, तरी झाड फुलत नाही. तेव्हा पुढचा प्रश्न प्रकाशाचा येतो. येथे प्रकाशाचे दोन निरनिराळे अर्थ ध्यानात घेतले पाहिजेत. प्रकाश हे झाडाचे अन्न घडवणारे बळ आहे, हे सर्वांस ठाऊक आहे. दाट सावलीतील झाड पाने टिकवण्यापुरते अन्न कसेबसे मिळवते आणि फुलांसाठी त्याच्याजवळ शिल्लक उरत नाही. गुलाब, मोगरा, बोगनवेल ह्यांना दिवसातून निदान पाच-सहा तास थेट ऊन हवे, असे माळी सांगतात ते ह्यामुळेच. परंतु प्रकाश ही झाडाची कालगणनाही आहे. ही गोष्ट कळण्यास विसावे शतक उजाडावे लागले.

अमेरिकेत वॉशिंग्टन शहरानजीकच्या सरकारी प्रयोगशेतीवर वायटमन गार्नर व हॅरी ॲलर्ड हे शास्त्रज्ञ मेरिलँड मॅमथ नावाच्या तंबाखूचा अभ्यास करीत होते. उन्हाळ्यात ही तंबाखू दहा फुटांहून उंच वाढे, पाने काढीत राही, पण फुलत नसे. तिचे बीच मिळत नसे. तीच झाडे हिवाळ्यात काचगृहात ठेवली, की लहानपणीच फुलत. गार्नर व ॲलर्ड यांनी उष्णता, ओलावा, खत, प्रकाशाची तीव्रता अशी एकेक शक्यता तपासून बाजूला सारली. शेवटी एकच फरक उरला. तो म्हणजे दिवसाची लांबी.

ही कल्पना पडताळून पाहण्यासाठी त्यांनी १९१८ च्या जुलैत एक साधी अंधारी खोली उभी केली. दुपारी ४ वाजता काही झाडे त्या खोलीत ठेवावयाची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ९ वाजता बाहेर काढावयाची, असा क्रम त्यांनी चालवला. ऐन उन्हाळ्यात ह्या झाडांना दिवस केवळ सात तासांचा भासला. ती फुलली. बाहेर उघड्यावर असलेली त्याच बियाची झाडे पाने काढीत राहिली. उलट, हिवाळ्यात काचगृहात विजेचे दिवे लावून दिवस लांबवला, तेव्हा तेथील तंबाखू फुलेनाशी झाली. १९२० साली त्यांनी आपला निबंध प्रसिद्ध केला. झाडांच्या ह्या गुणास मराठीत दीप्तिकालिता म्हणतात.

पुढे अनेक वनस्पतींवर असे प्रयोग झाले आणि त्यांचे ढोबळ तीन वर्ग ठरले. शेवंती व पॉइन्सेटिया ह्यांसारख्या काही वनस्पती दिवस लहान होत गेले म्हणजे फुलतात. गहू व कार्नेशन ह्यांसारख्या काहींना मोठा दिवस मानवतो. गुलाब व टोमॅटो ह्यांसारख्या काही वनस्पती दिवसाच्या लांबीची फारशी पर्वा करीत नाहीत.

दिवस नव्हे, रात्र

ह्या शोधात एक गंमत दडलेली होती. झाड दिवसाची लांबी मोजते असे प्रथम वाटले. वस्तुतः ते मोजत होते रात्र. १९३८ साली कार्ल हॅमनर व जेम्स बॉनर यांनी शंकेश्वर ह्या काटेरी फळांच्या तणावर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. ह्या वनस्पतीला सुमारे साडेआठ तासांहून मोठी अखंड रात्र मिळाली, की ती फुलाकडे वळते. अशी एकच रात्रही तिला पुरते. दिवसाच्या मध्ये थोडा वेळ अंधार केला, तर तिच्यावर काहीच परिणाम होत नाही. पण दीर्घ रात्रीच्या मध्यावर काही मिनिटे दिवा लावला, तर ती रात्र तिच्या हिशेबी रद्द होते. दिवसाचे प्रमाण तेच, अंधाराची एकूण बेरीजही जवळजवळ तीच. तथापि अंधार मध्येच तुटल्याने फूल येत नाही.

अंधार तुटल्याचे झाडाला कसे कळते? अमेरिकेतील बेल्टस्व्हिल येथे हॅरी बॉर्थविक, स्टर्लिंग हेन्ड्रिक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्याचा छडा लावला. रात्र मोडण्यास तांबडा प्रकाश सर्वांत परिणामकारक ठरतो, आणि त्यापाठोपाठ तांबड्याच्याही पलीकडचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा प्रकाश दिला तर तो परिणाम पुसला जातो, असे त्यांना आढळले. ह्याचा अर्थ पानात एक असे रंगद्रव्य असले पाहिजे, की जे ह्या दोन प्रकाशांनी आलटून पालटून आपले रूप बदलते. १९५९ साली त्याचे अस्तित्व प्रत्यक्ष उपकरणाने सिद्ध झाले. ते रंगद्रव्य म्हणजे फायटोक्रोम.

आपल्या देशाच्या विस्तारामुळे ह्या गोष्टीस विशेष महत्त्व येते. दिल्लीस वर्षातील सर्वांत मोठा दिवस सुमारे चौदा तासांचा आणि सर्वांत लहान सव्वादहा-साडेदहा तासांचा असतो. पुण्यास हे आकडे सुमारे सव्वातेरा व अकरा असे आहेत. चेन्नईस हा फरक दीड तासाइतकाच उरतो. त्यामुळे एकाच जातीची शेवंती निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळ्या तारखांना फुलावी, ह्यात नवल नाही. उत्तरेकडील गुलदाऊदी, बंगालमधील चंद्रमल्लिका, तमिळनाडूतील सामंती आणि महाराष्ट्रातील शेवंती एकच. तिचे पंचांग मात्र गावोगाव थोडे वेगळे पडते.

पानाचा निरोप

फूल येते शेंड्यावर. रात्र मोजते पान. तर मग पानाचे मत शेंड्याला कळते कसे? हा प्रश्न मॉस्कोमधील शास्त्रज्ञ मिखाईल चैलाख्यान यांनी १९३६-३७ च्या सुमारास हाताळला, आणि त्यासाठी त्यांनी निवडलेले झाड होते शेवंतीचे. त्यांनी रोपाच्या वरच्या भागाची पाने काढून टाकली व खालची ठेवली. मग खालच्या पानांना लहान दिवस व दीर्घ रात्र दिली, आणि उघड्या शेंड्याला मोठा दिवस. शेंडा फुलला. ह्याच्या उलट, पानांना मोठा दिवस आणि शेंड्याला लहान दिवस दिला, तेव्हा फूल आले नाही. ह्यावरून पानात काहीतरी द्रव्य निर्माण होऊन ते शेंड्याकडे जात असावे, असे अनुमान त्यांनी काढले आणि त्या द्रव्याला फ्लोरिजेन हे नाव दिले.

सत्तर वर्षे हे द्रव्य शास्त्रज्ञांच्या हाती लागले नाही. २००७ साली जर्मनी व जपान येथील संशोधकांनी दोन निरनिराळ्या वनस्पतींत दाखवून दिले, की पानात घडणारे एक लहानसे प्रथिन अन्नरसाच्या वाहिन्यांतून शेंड्याकडे जाते आणि त्यास फुलाकडे वळवते. चैलाख्यान यांचे अनुमान खरे ठरले. ते पाहण्यास मात्र ते हयात नव्हते. १९९१ साली त्यांचे निधन झाले होते.

शेवंतीने आणखी एक गोष्ट शिकवली. २०१३ साली जपानी संशोधकांनी शेवंतीच्या एका रानटी बहिणीत ह्याच्या विरुद्ध काम करणारे प्रथिन शोधून काढले. दिवस मोठा असता, अथवा रात्री मध्येच उजेड पडता, पान हे दुसरे प्रथिन तयार करते. तेही शेंड्याकडे जाते आणि त्यास फुलू देत नाही. म्हणजे दिव्याखालील शेवंतीला फुलण्याचा निरोप नुसता पोहोचत नाही एवढेच नव्हे; ‘थांब’ असा स्पष्ट निरोप तिला रोज रात्री मिळत असतो.

दिव्याखालची शेवंती

बागेतल्या रोजच्या अनुभवाला ह्या सर्व शास्त्राची जोड दिली, की पुष्कळ कोडी उलगडतात. ओसरीच्या दिव्याखाली, जिन्याच्या उजेडात, अथवा रस्त्यावरील खांबाजवळ ठेवलेली शेवंती दाट वाढते आणि फुलत नाही किंवा फार उशिरा फुलते. त्याच झाडाची अंधाऱ्या परसातील काशी मात्र वेळेवर फुलते. कधीकधी तर एकाच झुडपाची दिव्याकडील बाजू हिरवी राहते आणि पलीकडील बाजू कळ्यांनी भरते. पॉइन्सेटियाची पाने घराघरांत तांबडी होत नाहीत, त्याचेही बहुधा हेच कारण असते.

ह्यासाठी प्रकाश फार तीव्र असावा लागत नाही. ज्या उजेडात वर्तमानपत्र सहज वाचता येते, तो उजेड शेवंतीला संशयास्पद समजावा. पौर्णिमेचे चांदणे त्या मानाने फारच मंद असते. त्याचा दोष येथे धरण्याचे कारण नाही. पूर्वी गावात रात्री अंधार असे. हल्ली रस्ते, अंगणे व गच्च्या रात्रभर उजळलेल्या असतात. झाडात काही बदललेले नसते, त्याची रात्र तेवढी बदललेली असते.

हेच ज्ञान फूलशेती करणारे आपल्या हिताकडे वळवतात. शेवंती लवकर फुलावी असे वाटल्यास ते संध्याकाळपासून सकाळपर्यंत काळे कापड पांघरून रात्र लांबवतात. उशिरा फुलावी असे वाटल्यास मध्यरात्रीच्या सुमारास काही तास दिवे लावतात. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पतिसंशोधन संस्थेने निरनिराळ्या काळी फुलणाऱ्या शेवंतीच्या जातीही निर्माण केल्या आहेत. बाजाराची तारीख ठरलेली असेल, तर जात आणि रात्र ह्या दोहोंचा विचार लागवडीपूर्वीच करणे श्रेयस्कर होय.

थंडीची अट

काही वनस्पतींना रात्रीबरोबर, किंवा तिच्याऐवजी, दीर्घ थंडीची खूण लागते. जर्मनीतील गुस्ताव गासनर यांनी १९१८ साली दाखवले, की हिवाळी राय धान्याच्या अंकुरांना थंडी दिल्यावाचून ते वेळेवर फुलावर येत नाही. थंडीने फुलण्याची पात्रता येण्याच्या ह्या क्रियेस वासंतीकरण म्हणतात. सफरचंदाची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्याच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच घडलेल्या असतात. त्यांची झोप मोडण्यास थंडी लागते. प्रचलित जातींपैकी अनेकांना त्यासाठी ७ अंश सेल्सिअसच्या खालील सुमारे हजार तास लागतात.

काश्मीर अथवा हिमाचलमधून हौसेने आणलेले पिओनीचे झाड मुंबईच्या किंवा नागपूरच्या बागेत फुलत नाही, ते ह्यामुळे. त्याला खत देऊन काहीही साधावयाचे नाही. अशा वेळी झाड न बदलता आशा धरून बसणे व्यर्थ आहे.

खत, पाणी आणि ताण

आता नेहमीच्या उपायाकडे, म्हणजे खताकडे वळू. १९१८ साली अमेरिकेतील क्राउस व क्रेबिल यांनी टोमॅटोवर प्रयोग करून दाखवले, की नत्र विपुल असता झाड पालवीकडे झुकते, आणि पिष्टमय पदार्थांचा साठा त्या मानाने वाढला म्हणजे फलधारणेकडे. फुलण्याचे संपूर्ण स्पष्टीकरण म्हणून हे मत पुढे टिकले नाही. पण माळ्याच्या दृष्टीने त्यातील अनुभव खरा आहे. शेणखत व युरिया सढळ हाताने घातलेल्या झाडाला पाने काढण्याचे कारण रोज मिळत राहते. हिरवळीला घातलेले नत्र शेजारच्या झुडपाच्या मुळांनाही पोहोचते, हे पुष्कळदा लक्षात येत नाही.

पाण्याची गोष्टही अशीच. विदर्भातील संत्रा बागाईतदार पिढ्यानपिढ्या झाडाला ‘ताण’ देत आले आहेत. मृग बहार धरावयाचा असला, म्हणजे उन्हाळ्यात पाणी तोडावयाचे, पाने मलूल होऊ द्यावयाची. मग मृगाचा पाऊस पडताच झाड फुलाने भरते. आंबिया बहारासाठी हाच ताण हिवाळ्यात देतात. मोगऱ्याचेही हिवाळ्यात पाणी कमी करून मग छाटणी करतात आणि उन्हाळ्यात त्याचा मोबदला घेतात. बोगनवेल तर कोरड्या, उन्हाने तापलेल्या जागी सर्वांत चांगली फुलते. ह्या सर्व झाडांना बारमाही पाणी देणारा माळी प्रेमळ खरा. पण झाडाला जी कोरड्या ऋतूची खूण हवी, तीच तो पुसून टाकत असतो. मात्र ताण जमिनीच्या मगदुराप्रमाणे व जपूनच द्यावा. हलक्या जमिनीत तो थोडक्यात पुरतो, भारी जमिनीत जास्त दिवस लागतात; आणि दुबळ्या किंवा कोवळ्या झाडास तो देऊच नये.

कात्रीची वेळ आणि कंदांची दाटी

फूल कोणत्या फांदीवर येते, हे न जाणता केलेली छाटणी हे फुले न येण्याचे आणखी एक मोठे कारण आहे. आधुनिक गुलाब नव्या फुटीवर फुलतो. म्हणून महाराष्ट्रात पावसाळा संपल्यावर त्याची छाटणी करणे लाभाचे ठरते. थंड हवेच्या ठिकाणी दिसणारा हायड्रेंजिया मात्र पुढील वर्षीच्या कळ्या ह्या वर्षीच्या काडीच्या टोकाशीच घडवून ठेवतो. हिवाळ्यात तो नीटनेटका छाटला, की पुढचे संपूर्ण वर्ष गेले. शेवंतीचे शेंडे पावसाळ्यात खुडले तर झुडूप पसरट होऊन फुले वाढतात. रात्री लांबल्यानंतर खुडले, तर वळलेले शेंडेच हातात येतात.

निशिगंधाचा दोष जमिनीखाली असतो. एकदा फुललेला कंद पुन्हा फुलत नाही. त्याच्याभोवतीचे उपकंद मोठे होऊन फुलावयाचे असतात. ठोंब वर्षानुवर्षे तसेच ठेवले, तर उपकंदांची दाटी होते, प्रत्येकाच्या वाट्याला थोडेच अन्न येते, आणि वाफा गवतासारखा हिरवागार दिसूनही दांडे येत नाहीत. दर दोन-तीन वर्षांनी कंद खणून, दीड-दोन सेंटिमीटरहून जाड असलेले तेवढे पुन्हा लावल्यास वाफा पूर्ववत फुलतो.

निदानाचा क्रम

तेव्हा न फुलणाऱ्या निरोगी झाडापुढे उभे राहून पुढील प्रश्न ह्याच क्रमाने विचारावेत. हे झाड बियाचे की कलमाचे, आणि त्याचे फुलण्याचे वय झाले आहे काय? आपल्या हवेत हे झाड फुलणे मुळात शक्य आहे काय? त्याला पुरेसे ऊन मिळते काय? रात्री त्यावर दिव्याचा उजेड पडतो काय? त्याची छाटणी केव्हा व कोणी केली? गेल्या वर्षी त्याने फुलांचा वा फळांचा मोठा भार वाहिला होता काय? कंदाचे झाड असल्यास कंदांची दाटी झाली आहे काय? ह्या सर्वांची उत्तरे मिळाल्यानंतरच खतापाण्याकडे वळावे, आणि त्यातही प्रथम ते कमी करून पाहावे. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन-तीन गोष्टी एकदम बदलल्यास झाड फुलले तरी ते कशामुळे फुलले, हे कळणार नाही.

ह्या विषयातील एक प्रयोग कोणासही घरी करता येईल. एकाच शेवंतीच्या दोन काश्या एकाच आकाराच्या दोन कुंड्यांत लावाव्यात. माती, खत व पाणी सारखे ठेवावे. दिवसा दोन्ही कुंड्या शेजारीशेजारी उन्हात असू द्याव्यात. ऑगस्टच्या मध्यापासून मात्र एक कुंडी रोज सूर्यास्तानंतर अंधाऱ्या जागी न्यावी, आणि दुसरीवर रात्री १० पासून २ पर्यंत दिवा राहील अशी व्यवस्था करावी. अंधारातील शेवंतीला जातीनुसार बहुधा आठ ते बारा आठवड्यांत फुले येतील. दुसरी तोवर नुसती उंच व हिरवी झालेली असेल. मग तिच्यावरचा दिवा बंद करावा, आणि दुसरे काहीही न करता तितकेच आठवडे वाट पाहावी.